लग्नाला जाणारी सुझनी

प्रदर्शनात मांडण्याआधी जुनं कापड काही आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. इथल्या खोबर शहरातल्या एका खाजगी कलादालनात काम करणारी सौदी तरुणी माझ्या बैठकीच्या खोलीत, जमिनीवर पसरलेल्या कापडांच्या मध्ये बसून मला ते समजावून सांगत होती. अशा कापडात किडीची अंडी असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, थंडीनं मरतात. एक कापड तसंच आत आलं तर दालनातलं बाकी सगळं धोक्यात येतं.

"काळजी करू नका, उस्ताद," ती म्हणाली. मी शाळेत काम करतो म्हणून ती मला उस्ताद म्हणायची आणि बाकी सगळं इंग्रजीत बोलायची. "कापडाला काही होत नाही. ते फक्त झोपतं."

मी मान हलवली आणि चहा आणायला आत गेलो. माझी बायको गेली तेव्हा कागदपत्रं पुरी होईपर्यंत तिला तिच्याच हॉस्पिटलच्या शीतगृहात ठेवलं होतं. त्या मुलीला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. चहा उकळेपर्यंत मी ओट्यापाशी उभा राहिलो.

कापडं माझ्या बायकोची. ती डॉक्टर होती, बाळंतपणं करायची. मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. आम्ही दोघंही रत्नागिरीकडचे, एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. लग्नानंतर तिला ताइफच्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि मी तिच्यामागून आलो. मागून आलेला नवरा म्हणून गावात माझी थोडी थट्टा झाली. ती मला कधी लागली नाही. ताइफ डोंगरावर आहे, हवा थंड, आणि मला वाचायला वेळ भरपूर होता.

ताइफमध्ये बुखारी म्हणून ओळखली जाणारी बरीच घरं आहेत. त्यांचे पणजे-खापरपणजे बुखारा, समरकंद, फरगाना इकडून निघाले, हजच्या वाटेनं आले आणि परतले नाहीत. आता ती माणसं सौदीच आहेत. अरबी बोलतात, पांढरा थोब घालतात. इथल्या गल्लोगल्ली मिळणारा बुखारी भात एवढीच त्यांची खूण बाहेरच्याला दिसते. घरात मात्र पेट्या आहेत, आणि पेट्यांत कापडं.

बायकोला ती पहिल्यांदा दिसली एका बाळंतिणीच्या खाटेवर. सासूनं घरून आणलेलं भरतकामाचं पांघरूण होतं. राउंड संपल्यावर ती परत त्या खाटेपाशी गेली, ड्यूटीवरच्या बायका हसल्या तरी. त्या दिवशी घरी येऊन तिनं मला हातानं गोल काढून दाखवला, एवढा मोठा, ताटाएवढा, डाळिंबी रंगाचा, आणि त्याच्याभोवती काळसर वेल. "आपल्याकडे सुजनी म्हणतात ना गोधडीला, तसलंच नाव आहे. सुझनी. पण हे गोधडी नाही हो. हे काहीतरी निराळंच आहे."

त्यानंतर तिला तो नाद लागला. उमऱ्याच्या यात्रेला येणाऱ्या उझबेक बायका मदिनेत हॉटेलांच्या खाली पथारी मांडून काहीबाही विकतात. तिथून तिनं एक रेशमी झगा आणला. विणण्याआधी सूत बांधून रंगवलेलं, त्यामुळे नक्षीच्या कडा एकमेकींत विरघळल्यासारख्या दिसतात, पाण्यात शाई पडावी तशा. आत अस्तर म्हणून गुलाबाच्या फुलांचं रशियन छापील चीट. "बाहेरून राणी, आतून मावशी," ती म्हणाली. मग विणलेले पट्टे आले, घोड्याची झूल आली, लहान मुलाची टोपी आली. आमच्या फ्लॅटमधल्या दिवाणाखालची जागा भरली. माझी पुस्तकं भिंतीवर आणि तिची कापडं जमिनीपाशी, अशी आमची वाटणी होती.

पण ज्या सुझनीबद्दल मी लिहितो आहे ती विकत घेतलेली नाही.

एका बुखारी घरातल्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं, ते बायकोनं पार पाडलं. मुलगी झाली. नंतर त्या घरच्या आजीनं आम्हाला जेवायला बोलावलं. आजी म्हणजे सुनेच्या नवऱ्याची आई. तेव्हाच तिचे केस पांढरे होते, असं बायको म्हणाली. मी पाहिलं नाही. मी बाहेरच्या मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीत, तिच्या मुलाबरोबर बसलो होतो, भाताच्या परातीपाशी. बायका आत. त्या घराशी आमचा संबंध असाच राहिला. आतलं सगळं मला बायकोकडून कळायचं, परतीच्या गाडीत.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मागच्या सीटवर एक बोचकं होतं.

"दिली त्यांनी," बायको म्हणाली. "नको म्हटलं तर रागावल्या. सुना नव्या व्हिलात राहायला जातायत, तिकडे वॉलपेपर लावणार, कोणाला नको आहे. म्हणाल्या, दक्तूरा, तू कापडाकडे बघतेस तेव्हा तुझा चेहरा भुकेल्या माणसासारखा होतो. ने."

"असंच दिलं?"

"एक अट आहे. त्यांच्या घरात लग्न असलं की पाठवायची. नवरीच्या डोक्यावर चारजणी धरतात, छतासारखी. घरातली प्रत्येक मुलगी तिच्याखालून गेली आहे म्हणे, त्यांच्या आजीपासून. मग मी हो म्हटलं."

घरी आल्यावर आम्ही ती पलंगावर पसरली. पलंग पुरला नाही. जाड्याभरड्या हातमागाच्या कापडावर रेशमाचं भरतकाम, मध्ये लाल गोल, कडेनं वेल, वेलीत मिरच्या, सुऱ्या, आणि एका कोपऱ्यात चक्क चहाची किटली. मिरच्या आणि सुऱ्या नजर लागू नये म्हणून. किटली कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. अशी कापडं अखंड भरत नाहीत. अरुंद पट्टे जोडून त्यावर एक बाई नक्षी काढते, मग पट्टे उसवून घरातल्या बायकांत वाटतात, जिनं तिनं आपापला पट्टा भरायचा, आणि शेवटी परत जोडायचे. त्यामुळे जोडावर नक्षी कधी नीट जुळत नाही. आमच्या सुझनीतल्या मधल्या गोलाचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा मोठा होता आणि त्याचा लालही जरा तापट.

"ही धाकटी जाऊ," बायको त्यावर बोट ठेवून म्हणाली. "तिला पट्टा आवडला नव्हता. रागारागानं भरलाय."

ती सुझनी लग्नांना जात राहिली. आधी ताइफमध्येच, पुढे आम्ही बदलीनं इकडे पूर्वेला, धाहरानजवळ आलो तरीही. फोन यायचा, बायको रजा टाकायची. सुझनी तिच्या आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती पातळात गुंडाळायची, घड्यांत मूठभर लवंगा टाकायची, आणि निघायची. गावाकडे तिची आई कपड्यांच्या पेटीत लवंगा ठेवायची. बायको घडी दर वेळी निराळ्या जागी घालायची, म्हणजे एकाच रेषेवर रेशीम तुटत नाही. कधी मी बरोबर जायचो आणि मजलिसमध्ये बसायचो. परत आल्यावर तिचे खांदे दुखायचे. मी बाम लावून द्यायचो. ती म्हणायची, "धरून धरून हात भरून आले." मला वाटायचं, बॅगेचं ओझं.

एकदा सुझनी मेंदीचा डाग घेऊन आली. एकदा लिपस्टिक. मी म्हटलं, काढता येईल का बघू. ती म्हणाली, "राहू दे. लग्नाचं आहे ते."

गेल्या वर्षी ती गेली. आजार थोड्या दिवसांचा होता. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

तिला इथेच दफन केलं. आमच्या दोघांचं तसं ठरलेलं होतं, जो जिथे जाईल तिथे. इथल्या कबरस्तानात कबरीवर नाव नसतं. मातीचा उंचवटा आणि उशापायथ्याशी एकेक दगड. धर्म म्हणून मला ते मान्य आहे, लहानपणापासून ऐकत आलो आहे की मेल्यावर सगळे सारखे. पण मी ग्रंथपाल माणूस. आयुष्यभर प्रत्येक वस्तूच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवत आलो, ती कोणाची, कुठली, कुठे ठेवायची. दर शुक्रवारी गेलो की फाटकापासून रांगा मोजत जावं लागतं, आणि नवीन रांगा पडत राहतात. एका शुक्रवारी मी दुसऱ्याच कोणाच्या तरी दगडापाशी उभा राहून दुआ मागितली. उठताना लक्षात आलं. तीही कोणाला तरी पोचली असेल, पण त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

म्हणून त्या सौदी मुलीचा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिनं बायकोला एका व्याख्यानाच्या वेळी पाहिलं होतं, कापडांबद्दल बोलताना ऐकलं होतं. मध्य आशियातून इथे येऊन स्थिरावलेल्या घरांतल्या कापडांचं प्रदर्शन भरवायचं होतं. दोन-तीन संग्राहक होते, पण मुख्य भिंतीवर तिला आमची सुझनी हवी होती.

"मुख्य भिंतीवर ज्यांचं कापड, त्यांचं नाव दारातूनच दिसेल असं मोठं लावतो," ती म्हणाली. "अरबीत आणि इंग्रजीत."

मी विचारलं, "मराठीत लावाल का?"

तिनं विचारलं मराठी कसं लिहितात. मी कागदावर बायकोचं नाव लिहून दाखवलं. तिनं तो कागद उभा-आडवा धरून पाहिला. "वरून दोरीवर टांगल्यासारखी अक्षरं आहेत," ती म्हणाली. "कपडे वाळत घालतात तशी. छान दिसतील."

ते वाक्य मी बरेच दिवस मनात घेऊन फिरलो. शाळेत पुस्तकांवर शिक्के मारतानाही मला ती भिंत दिसायची. वर सुझनी, खाली तिचं नाव, आपल्या अक्षरांत. कोणी रांगा मोजायला नकोत.

कापडं गेली. जाताना तिनं लवंगा काढायला लावल्या, मसाल्यातूनही कीड येते म्हणाली. मी त्या बशीत जमवून स्वयंपाकघरात ठेवल्या. फ्रीझरमधून निघाल्यावर सुझनी दालनात पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळून ठेवली होती, ती मी जाऊन पाहिली. वाकून वास घेतला. कसलाच वास नव्हता.

आणि उद्घाटनाला दोन-तीन आठवडे राहिले असताना ताइफहून फोन आला.

आजीचा मुलगा होता, मजलिसमध्ये माझ्यासमोर बसणारा, आता स्वतःच आजोबा झालेला. आधी बराच वेळ त्यानं माझी चौकशी केली, मग बायकोसाठी दुआ केली.

"भावा, घरात लग्न आहे," तो म्हणाला. "माझ्या भावाच्या मुलीचं. मी आईला सांगितलं होतं की दक्तूरा गेल्यावर आता विचारणं बरं नाही. तुला अडचण असेल तर सांग, मी आईला सांगतो की कापड परदेशी गेलंय. तिला कळणार नाही."

मी तारीख विचारली. लग्न उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात होतं. घरातला विधी, ज्यात सुझनी धरतात, तो एका दुपारी असरच्या नमाजानंतर.

"मी कळवतो," मी म्हटलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी काहीतरी बोललं, फोन हातातून गेल्याचा आवाज झाला, आणि एक बारीक, चिरका आवाज आला. इतक्या वर्षांत मी आजीशी कधी बोललो नव्हतो. तिचा आवाजही मी ऐकला नव्हता.

"दक्तूराचा नवरा?"

"हो, खाला."

"जेवतोस का?"

"जेवतो."

"काय जेवतोस?"

"भात," मी म्हटलं.

"नुसता भात," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे, खोलीतल्या कोणाशी तरी. मग परत माझ्याशी: "ये. आणि तू स्वतः घेऊन ये. बसनं पाठवू नको, बसवाले सामान फेकतात." फोन मुलाकडे परत गेला. "आई अशीच आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दालनात गेलो. त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही, त्यामुळे मला जास्त अवघड गेलं.

"उस्ताद, लग्नात गेलेलं कापड परत इथे आणायचं तर पुन्हा फ्रीझर," ती म्हणाली. "भाताच्या परातींतून, अत्तरांतून, धुपातून येणार ते. मी तसंच भिंतीवर लावू शकत नाही, माझीच नोकरी जाईल. म्हणजे प्रदर्शन जवळपास संपत आल्यावर ते बाहेर येईल. मुख्य भिंतीला मला दुसऱ्यांची सुझनी लावावी लागेल. तुमच्या बाकीच्या वस्तू आतल्या खोलीत असतीलच, झगा, टोपी. नाव तिथे कार्डावर येईल."

"लहान कार्ड?"

तिनं हातानं दाखवलं. व्हिजिटिंग कार्डापेक्षा जरा मोठं.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. घरी येऊन मुलीला फोन लावला. आमची एकुलती मुलगी कॅनडात असते. मी मराठीत बोलतो, ती तिला सुचेल त्या भाषेत उत्तर देते. शाळेपासूनची सवय.

"लग्न कोणाचं आहे?" तिनं विचारलं. "वही लडकी, जिसको अम्मीने डिलिव्हर किया था?"

"नाही. ती जेद्दाला मेडिकलला आहे, लग्न करायचं नाही म्हणते. ही तिची चुलत बहीण. हिला आपण कोणी ओळखतही नाही."

"अब्बा, देन यू डोंट हॅव टू. वादा अम्मी का था, आपका नहीं."

"हो ना," मी म्हटलं.

"अम्मीचं नाव भिंतीवर पाहिजे ना तुम्हाला? मुझे भी चाहिए. मी फोटो बघायची वाट बघतेय." हे तिनं मराठीतून सुरू केलं होतं, म्हणजे तिलाही ते फार हवं होतं.

त्या आठवड्यात मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. नवरी अनोळखी. आजीच्या घरात आता दुसरी कापडं आहेत, लग्नाच्या हॉलवाले फुलांचं छतही देतात. आणि तिच्या मुलानं स्वतःहून मला वाट काढून दिली होती. एका बाजूला एवढं सगळं, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं एका गाडीतलं एक वाक्य: मग मी हो म्हटलं.

शुक्रवारी कबरस्तानात गेलो. रांगा मोजल्या, बरोबर जागी पोचलो. दगडापाशी उभा असताना मला एवढंच वाटलं की हिला जर विचारता आलं असतं तर हिनं मला विचारूच दिलं नसतं. हिनं सरळ रजा टाकली असती. भिंतीवरचं नाव मला हवं होतं. तिला ते कधीच हवं नव्हतं. तिचं हॉस्पिटलच्या दारावरचं नावही कित्येक महिने चुकीचं लिहिलेलं होतं, आणि ती त्या दारातून रोज आत-बाहेर करायची.

सोमवारी मी येतो म्हणून ताइफला कळवलं आणि सुझनी दालनातून घरी आणली. नळीवरून सोडवून पलंगावर पसरली, पलंग पुरला नाही. घडी घालायला मला बराच वेळ लागला, कारण आधीच्या रेषा कुठल्या ते रेशमावर उजेड तिरपा पाडून बघावं लागतं. सासूबाईंच्या पातळात गुंडाळली. मग स्वयंपाकघरातून बशी आणली आणि लवंगा परत टाकल्या.

दमाम ते ताइफ विमान. बॅग मी मांडीवर ठेवली. हवाई सुंदरीनं ती वर ठेवायला सांगितली, मी तिला सांगितलं की आत लग्नाचं सामान आहे. तिनं "मबरूक" म्हणून अभिनंदन केलं आणि पायांपाशी ठेवू दिली.

व्हिलाच्या दाराशी आजीच्या सुनेनं बॅग घेतली आणि आत नेली. मी मजलिसमध्ये गेलो. तेच गालिचे, नवीन सोफे, कहवा, खजूर. पुरुष जमीनजुमल्याबद्दल आणि गाड्यांबद्दल बोलत होते. आजीचा मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला आणि माझा पेला रिकामा होऊ देईना. असरनंतर आतून एकदम बायकांचा तो लांब, थरथरता हर्षनाद आला, भिंतीपलीकडून, एकीनं सुरू केलेला, मग सगळ्यांचा.

"आता धरली," मुलगा म्हणाला.

तो आवाज थांबेना. मी कल्पना करत होतो की दोन-चार मिनिटांत संपेल. खजुराची ताटली फिरून आली, कहवा पुन्हा आला, कोणीतरी निघून गेलं, तरी आत ते चालूच होतं.

"इतका वेळ?" मी विचारलं.

"नवरी सगळं घर फिरते," तो म्हणाला. "प्रत्येक खोलीत, प्रत्येक म्हाताऱ्या बाईपाशी थांबून. हळूहळू. अन् सुझनी खाली येऊ द्यायची नाही, कितीही वेळ लागो. आमच्याकडच्या बायका मध्येच बदलतात, हात दुखतात म्हणून. दक्तूरा बदलायची नाही. तुला सांगितलं असेल तिनं."

तिनं सांगितलं होतं. धरून धरून हात भरून आले, म्हणून. मी तिच्या खांद्याला बाम लावत होतो आणि मला वाटत होतं बॅगेचं ओझं.

हर्षनाद थांबल्यावर थोड्या वेळानं मला आतल्या दाराशी बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं, पडदा होता, पडद्यामागे आजी खुर्चीवर. तिचा चपलेतला पाय तेवढा दिसत होता, लहान मुलीसारखा.

"लवंगांचा वास आला," ती म्हणाली. "बायका म्हणाल्या, दक्तूरा आली."

मी दाराशीच खाली बसलो.

"तिचा कोपरा किटलीचा," आजी म्हणाली. "दर वेळी तोच. मी विचारलं, तोच का? म्हणाली, मला चहा आवडतो. आज तो धरायला तिनं जन्माला घातलेली पोरगी आली, जेद्दाहून. फार उंच आहे ती, तो कोपरा वरच राहिला, कापड तिरकं झालं. दक्तूरा बुटकी होती."

"हो," मी म्हटलं. "बुटकी होती."

"नवऱ्यानं असं लगेच मान्य करायचं नसतं," पडद्यामागून आणखी कोणीतरी म्हणालं, आणि आत सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग सुनेनं पडद्याखालून बॅग बाहेर सरकवली. तिच्यावर एक डबा होता.

"भाताबरोबर खा," आजी म्हणाली.

सुझनी मी विमानतळावरून थेट दालनात नेली, कारण घरी उघडली असती तर परत द्यायला जमलं नसतं. त्या मुलीनं हातमोजे घालून ती उलगडली. किटलीच्या कोपऱ्यावर मेंदीचा एक ठसा होता, अर्ध्या अंगठ्याचा.

"हा नवा," ती म्हणाली. मग मला तिनं लग्नाबद्दल विचारलं, आणि मी जेवढं ऐकलं होतं तेवढं सांगितलं, भिंतीपलीकडचं. सुझनी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होऊन पुन्हा झोपायला गेली.

उद्घाटनाच्या दिवशी मी आतल्या खोलीतला झगा आणि ते लहान कार्ड बघायचं ठरवून गेलो होतो. दारातून आत आलो तर मुख्य भिंत रिकामी होती. दुसऱ्यांची सुझनी तिनं बाजूच्या भिंतीवर लावली होती. रिकाम्या भिंतीवर सुझनीच्या आकाराएवढा उजेड सोडला होता, आणि खाली तीन भाषांत पाटी. अरबी आणि इंग्रजी तिची. मराठीसाठी तिनं आदल्या दिवशी माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं लहान कार्डासाठी. पाटीवर होतं: ही सुझनी लग्नाला गेली आहे. खाली बायकोचं नाव, दोरीवर टांगल्यासारखं.

"खरं म्हणजे ती फ्रीझरमध्ये आहे," ती माझ्या कानाशी म्हणाली. "पण ते लिहून कसं चालेल."

कॅनडाला मुलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "अब्बा, व्हेअर इज द क्लॉथ?" आणि लगेच दुसरं, "ओह."

मी शुक्रवारी आता आधी कबरस्तानात आणि मग दालनात जातो. एका शुक्रवारी कंपनीच्या बसमधून उतरलेले चार-पाच कोकणातले लोक आले होते, दुपार घालवायला. त्यातला एकजण, दापोलीकडचा असावा, रिकाम्या भिंतीपुढे थांबला. अरबी-इंग्रजीवरून त्याची नजर खाली आली आणि तो मोठ्यानं वाचायला लागला. त्यानं बायकोचं नावही मोठ्यानं वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं. मग माझ्याकडे वळला.

"चाचा, तुम्ही हितलेच काय? कोनाच्या लग्नाला गेलीय?"

"ओळखीतल्या," मी म्हटलं.

"येनार कधी?"

"येईल."

पुढच्या शुक्रवारी तो बायकोला घेऊन आला. ती बाई बुरख्याची टोकं सावरत भिंतीपुढे उभी राहिली. "ह्ये काय, काय नाय हितं," ती म्हणाली. "तुम्ही मला ह्ये दाखवाया आनलात?"

"आली नाय वाटतं अजून लग्नातनं," तो म्हणाला, जरा खजील होऊन.

"कशी येल? सगळी तुमच्यासारखी बिर्यानी खाऊन हात धुतले की निघत नायत." मग ती पाटीपाशी वाकली, बोट फिरवत हळूहळू वाचलं, आणि नावापाशी थांबून मला विचारलं, "चाचा, ह्या कोन?"

मी तिला सांगायला लागलो. तिचा नवरा बाकावर जाऊन बसला.